एकच काम, दोन मालक

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की कचेरीच्या पायऱ्या चढतानाच ती ओठावर येते. तिला उत्तर देणारेही असतात. ते म्हणतात, खासगीत काम लवकर होतं खरं, पण खिसाही लवकर रिकामा होतो. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात हा वाद रंगतो आणि बहुतेक वेळा आपापला अनुभव सांगून सगळे आपापल्या मतावर कायम राहतात. आज आपण तो वाद थोडा शांतपणे तपासून पाहू. सरकारी कर्मचारी खरोखरच कमी काम करतो का? आणि तोच माणूस खासगी कंपनीत गेला, तर बदलतो का?

आधी कार्यक्षमता म्हणजे काय ते ठरवू. किती काम झालं, किती वेळात झालं, किती खर्चात झालं आणि किती चांगलं झालं, या चार गोष्टींचा तो हिशेब आहे. आपण सहसा त्यातली एकच गोष्ट बघतो, ती म्हणजे वेळ. शिवाय तुलना करताना खासगी बँकेची खिडकी आणि तहसील कचेरीची खिडकी शेजारी ठेवतो. बँकेला आपला ग्राहक निवडता येतो. तहसीलदाराला तो निवडता येत नाही. सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची भांडणं घेऊन आलेल्या माणसालाही त्याला ‘आमच्याकडे तुमचं खातं उघडत नाही’ असं म्हणता येत नाही. म्हणून तुलना करायची तर काम एकच हवं, आणि ते करणारे हात दोन प्रकारचे हवेत.

अशी उदाहरणं शोधायला आपल्याला दूर जावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगरची छावणी घ्या. गुरुवारच्या आठवडी बाजारासाठी सगळं शहर ती ओळखतं. पण कारभाराच्या दृष्टीनेही ही वस्ती वेगळी आहे. इथला रस्ता आणि झाडलोट छावणी परिषदेकडे, म्हणजे पर्यायाने संरक्षण मंत्रालयाकडे. परिषदेचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो आणि मुख्य कार्यकारी अधिकारी केंद्राच्या संरक्षण संपदा सेवेतला. टपाल कार्यालय केंद्राच्या टपाल खात्याचं. वीज मात्र राज्य सरकारच्या महावितरणची. एकाच घराला इतक्या प्रकारच्या सरकारांशी व्यवहार करावा लागतो, त्यामुळे कोणतं दार लवकर उघडतं आणि कोणतं उशिरा, हे छावणीकराला कोणी शिकवावं लागत नाही.

यातलं टपालाचं उदाहरण आधी पाहू. पासपोर्टचं काम पूर्वी किती किचकट होतं हे अनेकांना आठवत असेल. केंद्र सरकारने २००८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीशी करार केला आणि पासपोर्ट सेवा केंद्रं उभी राहिली. या केंद्रांत कामाची वाटणी मोठी विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या खिडकीवर कागदपत्रं घेणं, छायाचित्र काढणं, बोटांचे ठसे घेणं ही कामं कंपनीचे कर्मचारी करतात. पुढच्या दोन खिडक्यांवर कागदपत्रांची पडताळणी आणि पासपोर्ट मंजूर करण्याचा निर्णय, हे काम सरकारी अधिकारी करतात. म्हणजे ज्यात सराव आणि वेग लागतो ते खासगी हातात, ज्यात सार्वभौम अधिकार आहे ते सरकारी हातात.

पुढे जानेवारी २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट केंद्रं सुरू झाली. म्हैसूर आणि दाहोद ही पहिली दोन. त्याच वर्षी आपल्याकडे छावणीच्या टपाल कार्यालयात केंद्र आलं आणि पासपोर्टसाठी परगावी खेप घालणाऱ्या अनेकांची सोय झाली. या केंद्रांची गंमत अशी, की इथे खिडकीवर टपाल खात्याचा कर्मचारी बसतो. म्हणजे पुण्याच्या केंद्रात जे काम खासगी कंपनीचा कर्मचारी करतो, तेच काम टपाल कार्यालयात सरकारी कर्मचारी करतो. संगणक प्रणाली तीच, फी तीच, लागणारी कागदपत्रं तीच, आधी वेळ घेऊन जायची पद्धतही तीच.

मग पूर्वी उशीर कशाने व्हायचा? कर्मचारी बदलले म्हणून वेग आला, असं म्हणावं तर टपाल खात्यातले कर्मचारी आधीपासून सरकारीच होते. बदलली ती कामाची रीत. प्रत्येकाला ठरलेली वेळ, प्रत्येक टप्प्याची संगणकात नोंद, आणि अर्ज कुठे अडकला आहे ते अर्जदाराला घरबसल्या दिसण्याची सोय. कोणाच्या टेबलावर किती वेळ गेला हे दिसू लागलं, की टेबलावरचा माणूस आपोआप हलतो. मात्र हीच साखळी पोलिस पडताळणीपाशी येते, तेव्हा तिथला वेग त्या ठाण्यावर अवलंबून राहतो. खिडकी कितीही चपळ झाली, तरी साखळीचा वेग तिच्या सर्वांत संथ कडीइतकाच असतो.

आता विजेकडे वळू. हे उदाहरण अधिक मोठं आहे आणि त्याची किंमतही आपल्या शहराने अधिक मोजली आहे. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० सालची. ६ जून २००५ रोजी त्याचं विभाजन झालं आणि वीजवितरणाचं काम महावितरण या सरकारी कंपनीकडे आलं. तेव्हा भारनियमनाने राज्य त्रासलेलं होतं आणि काही शहरांत वीजगळती भयंकर होती. यावर उपाय म्हणून ‘फ्रँचायझी’ची कल्पना पुढे आली.

ही कल्पना समजायला एक छोटा हिशेब करू. समजा, शहराच्या वेशीवर १०० युनिट वीज पोचली. त्यातल्या २५ युनिट तारांत, जुन्या रोहित्रांत आणि आकड्यांत गेल्या, म्हणून बिल झालं ७५ युनिटचं. त्या बिलाच्या दर १०० रुपयांमागे ९० रुपयेच वसूल झाले. म्हणजे हाती आले साडेसदुसष्ट युनिटचे पैसे. उरलेल्या साडेबत्तीस टक्क्यांना वीज क्षेत्रात तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी म्हणतात. फ्रँचायझी कंपनीने महावितरणकडून वेशीवर ठरलेल्या दराने वीज घ्यायची, ग्राहकांकडून वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दरानेच पैसे घ्यायचे, आणि हानी जितकी कमी करील तितका फायदा स्वतःकडे ठेवायचा. तारा आणि खांब महावितरणच्याच मालकीचे राहतात.

देशात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा भिवंडीत झाला. जानेवारी २००७ मध्ये टोरंट पॉवर या कंपनीने तिथलं वितरण हाती घेतलं. यंत्रमागांच्या या गावात तेव्हा हानी ५० टक्क्यांहून अधिक होती. कंपनीने मीटर बदलले, रोहित्रं नवी बसवली, चोरीविरुद्ध मोहीम चालवली, आणि काही वर्षांत हानी २० टक्क्यांच्या आसपास आली. खासगीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही, आणि ते नाकारण्याचं कारणही नाही.

त्याच धाटणीवर २०११ साली औरंगाबाद, नागपूर आणि जळगाव या शहरांची वीज खासगी कंपन्यांकडे गेली. औरंगाबाद शहराचा करार जीटीएल या कंपनीशी झाला. मुदत १५ वर्षांची. १ मे २०११ पासून शहरातली बिलं जीटीएलच्या नावाने येऊ लागली. गावं वेगवेगळी होती, पण कराराचा साचा एकच होता. म्हणजे ‘खासगी असलं की काम होतं’ हे विधान खरं असेल, तर निकालही सारखाच लागायला हवा होता.

तसा तो लागला नाही. जीटीएलचा मूळ व्यवसाय दूरसंचार क्षेत्राशी निगडित होता आणि वीज हाती घेतली त्याच वर्षी हा समूह कर्जाच्या ओझ्याखाली सापडला. कर्जाची फेररचना करावी लागली. महावितरणच्या म्हणण्यानुसार कंपनीकडची थकबाकी वाढत गेली. रकमांबद्दल दोन्ही बाजूंत मतभेद होते. पण शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये महावितरणने करार संपवला आणि शहराची वीज परत आपल्या ताब्यात घेतली. १५ वर्षांचा संसार साडेतीन वर्षांत मोडला. जळगावचा करार २०१५ मध्ये संपुष्टात आला. नागपूरचा प्रयोग अधिक काळ चालला, पण सप्टेंबर २०१९ मध्ये तिथलंही वितरण महावितरणकडे परत आलं. भिवंडी मात्र टोरंटकडेच राहिली.

आपल्याच शहरात असाच दुसरा प्रयोग पाण्याचा झाला. जायकवाडीचं पाणी शहरात आणण्याची ‘समांतर’ जलवाहिनी आणि शहरातलं वितरण, हे दोन्ही महापालिकेने खासगी कंपनीला दिलं. सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीने पाणीपुरवठा हाती घेतला. २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला आणि पाणीपुरवठा पुन्हा पालिकेच्या कर्मचाऱ्यांकडे आला. कोणाचं किती चुकलं हा वाद पुष्कळ काळ गाजला. नळाला पाणी येण्याची वाट मात्र नागरिकांनी दोन्ही काळात पाहिली.

या उदाहरणांतून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की जे काम मोजता येतं आणि ज्याचा फायदा मोजणाऱ्याच्या खिशात जातो, तिथे खासगी कंपनी जोरात धावते. विजेचं युनिट मोजता येतं, म्हणून भिवंडीत हानी घटली. पण सगळीच कामं अशी मोजता येत नाहीत. करारशास्त्रावरच्या संशोधनासाठी ऑलिव्हर हार्ट आणि बेंगट होल्मस्ट्रॉम या दोन अर्थशास्त्रज्ञांना २०१६ साली नोबेल पुरस्कार मिळाला. हार्ट यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १९९७ साली तुरुंगांचं उदाहरण घेऊन हा प्रश्न मांडला होता. खासगी कंत्राटदार खर्च कमी करण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यापेक्षा अधिक धडपडतो. पण करारात जे शब्दांत लिहिता येत नाही, त्या गुणवत्तेला कात्री लागण्याची भीतीही तिथेच अधिक असते. सरळ भाषेत सांगायचं, तर जे मोजाल ते मिळेल, आणि जे मोजायचं राहील ते हळूच निसटेल.

दुसरी गोष्ट अशी, की कंपनीला निघून जाता येतं, सरकारला जाता येत नाही. जीटीएल गेल्यावर शहर एक रात्रही अंधारात ठेवणं परवडणार नव्हतं. ती जबाबदारी घ्यायला कोणीतरी तयार असावं लागतं, आणि तो ‘कोणीतरी’ नेहमी सरकारी असतो. शिवाय खासगी फ्रँचायझीकडे गेली ती दाट वस्तीची शहरं होती. विखुरलेल्या शेतांतले लाखो कृषिपंप, डोंगरातले पाडे आणि तांडे, जिथे एका ग्राहकासाठी दहा खांब रोवावे लागतात, ते महावितरणकडेच राहिले. दोघांच्या कामाची तुलना करताना हा बोजाही तराजूत टाकायला हवा.

पण याचा अर्थ सरकारी कर्मचाऱ्याला सगळं माफ, असा होत नाही. एक जुनी पण फार महत्त्वाची पाहणी सांगतो. २००३ च्या सुमारास संशोधकांनी देशभरातल्या हजारो सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी दिल्या. सरासरी दर चार शिक्षकांमागे एक गैरहजर आढळला. पण राज्याराज्यांत केवढा फरक! महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर झारखंडात सुमारे ४२ टक्के. दोन्हीकडे शिक्षक सरकारीच. पगार जास्त असलेले शिक्षक कमी गैरहजर असतात, असंही दिसलं नाही. मात्र जिथे नुकतीच तपासणी झाली होती, तिथे हजेरी अधिक होती. त्याच गावातल्या, पुष्कळ कमी पगारावर चालणाऱ्या खासगी शाळांतले शिक्षकही तुलनेने अधिक हजर होते. म्हणजे माणसाचा स्वभाव आणि पगार यांपेक्षा, कोणी विचारणारं आहे की नाही, यावर बरंच काही अवलंबून असतं.

पगाराचा विषय निघालाच आहे, तर तोही पाहू. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेकडून सरकारी आणि खासगी पगारांची तुलना करून घेतली होती. सर्वांत खालच्या पायरीवरच्या मदतनिसाला सरकारात एकूण २२,५७९ रुपये मिळत होते. तशाच कामाला खासगीत ८,००० ते ९,५०० रुपये. तळाच्या नोकरीत सरकारी माणूस दुपटीहून अधिक कमावतो, हे खरं. पण याची दुसरी बाजूही वाचा. खासगी क्षेत्र ‘स्वस्तात काम करतं’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्या स्वस्ताईचा एक भाग चांगल्या व्यवस्थापनातून येतो आणि एक भाग त्या मदतनिसाच्या घरातल्या चुलीतून येतो. दोन्हीला कार्यक्षमता हे एकच नाव देणं बरोबर नाही.

आणि आता तर सरकारी कोण, खासगी कोण, हेच ओळखू येईनासं झालं आहे. खांबावर चढलेला वायरमन महावितरणचा म्हणून आपण त्याच्याकडे बघतो. तो बाहेरच्या कंत्राटदाराचा असू शकतो. रुग्णालयातला सफाई कामगार, कचेरीतला संगणक चालवणारा, दारातला पहारेकरी, यांचीही तीच गत. राज्य सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला. त्यावर तरुणांमध्ये मोठा असंतोष उसळला आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी जानेवारीत महावितरणच्या क्षेत्रात खासगी कंपनीला समांतर परवाना देण्याच्या हालचालींविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला होता. सरकारशी चर्चेनंतर तो पहिल्याच दिवशी मिटला. कर्मचाऱ्याची भीती नोकरीची असते, तरुणाची आशाही नोकरीचीच असते. पण खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न त्यात बाजूला पडतो: माझं काम कधी होणार?

त्या माणसासाठी काही मार्ग आहेत, आणि ते सरकारी चौकटीतच तयार झाले आहेत. १९८० च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतली दप्तरं, टेबलं आणि कामाची वाटणी नव्याने लावून दाखवली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून ती पद्धत राज्यभर गाजली. माणसं तीच होती, मांडणी नवी होती. पुढे २००५ चा बदल्यांचा आणि दप्तर दिरंगाईचा कायदा आला. तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, असं तो सांगतो. २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम झाला. प्रत्येक कचेरीने आपल्या सेवा, त्यांची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद फलकावर लावायचं, असा त्यात नियम आहे. अर्जाची पोच मागा, तिच्यावरचा क्रमांक जपून ठेवा. मुदत टळली किंवा अर्ज विनाकारण नाकारला, तर ३० दिवसांत त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि त्यानंतर सेवा हक्क आयोगाकडे जाता येतं. दोष सिद्ध झाला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम लहान वाटेल. पण वेळेचा हिशेब नावानिशी मागता येतो, ही गोष्ट लहान नाही.

अडचण अशी, की हा हक्क फार कमी लोक वापरतात. आपण खिडकीवर आवाज चढवतो, ओळखीचा माणूस शोधतो, मध्यस्थाच्या हातावर काहीतरी ठेवतो. पण कागदावर पोच मागत नाही. जिथे मागणारा नाही तिथे मोजणारा नाही, आणि जिथे मोजणारा नाही तिथे सरकारी काय, खासगी काय, दोघेही सुस्तावतात.

म्हणून यापुढे एखादी सेवा खासगी कंपनीकडे द्यायची की सरकारकडे ठेवायची, असा वाद कानावर आला, तर तीन प्रश्न विचारून पाहा. काम किती दिवसांत व्हायला हवं, हे कुठे लिहिलेलं आहे का? ते झालं की नाही, हे कोण मोजतं? आणि झालं नाही, तर कोणाचं काय बिघडतं? भिवंडीत या प्रश्नांची उत्तरं करारातच होती आणि पाळलीही गेली. आपल्या शहरात करार होता, पण कंपनीच टिकली नाही. छावणीच्या टपाल कार्यालयात सरकारी कर्मचाऱ्यानेच ते काम करून दाखवलं. तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘माहीत नाही’ अशी आली, तर मालक कोणताही असो, थांबायची तयारी ठेवावी.